कौन्सिलमधली नोकरी आणि रिकन्सिलिएशन: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कम्युनिटी प्लॅनिंगला आहे मी, ९ वर्षं झाली. आपली मराठी मंडळी आता इथल्या कौन्सिलांमध्ये बऱ्यापैकी आहेत, कोणी इंजिनिअरिंगला, कोणी रेट्समध्ये म्हणजे घरपट्टीत, कोणी लायब्ररीत, आणि मे महिना आला, रिकन्सिलिएशन वीक जवळ आला, की माझ्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. रिकन्सिलिएशन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांवर, ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांवर, झालेला अन्याय मान्य करून त्यांच्याशी नातं नीट करायचा प्रयत्न. दरवर्षी टाइप करून अंगठा दुखला म्हणून एकदाचं लिहून ठेवलंय. मी व्हिक्टोरियात आहे, त्यामुळे कायद्याचं जे काही आहे ते इथलं धरा, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे.

१. कौन्सिल म्हणजे कचरा, रस्ते, बालवाड्या. ॲबोरिजिनल लोकांशी रिकन्सिलिएशन हे केंद्र सरकारचं काम नाही का?

मलाही पहिल्या वर्षी असंच वाटायचं. पण बघा ना, जमीन कोणाच्या हातात आहे? पार्क, नदीकाठ, रस्त्यांची नावं, बांधकामाचे परवाने, हॉलचं बुकिंग, शाळेआधीची नर्सरी, सगळं कौन्सिलकडे. ज्या नदीकाठी हजारो वर्षं लोक राहिले तिथे आज सायकल ट्रॅक करायचा की नाही हे कॅनबेरा ठरवत नाही, आपल्याच मजल्यावरचा कोणीतरी ठरवतो. व्हिक्टोरियात ७९ कौन्सिल आहेत आणि ७९ च्या ७९ कोणाच्या तरी कंट्रीवर आहेत. कंट्री म्हणजे देश नाही हां, जमीन, पाणी, पूर्वज, भाषा, त्या जागेची जबाबदारी हे सगळं मिळून कंट्री.

२. रिकन्सिलिएशनला मराठीत काय म्हणायचं? समेट? सलोखा?

न्यूजलेटरच्या मराठी भाषांतरासाठी हा प्रश्न दरवर्षी येतो. समेट म्हटलं की दोन भाऊबंदांचं बांधावरून भांडण झालं आणि पंचांनी मिटवलं असं वाटतं, दोघांचीही थोडी थोडी चूक. इथे तसं नाहीये, एकाची जमीन गेली, सरकारने मुलं घरातून उचलून नेली आणि दुसऱ्याला ती जमीन मिळाली. खुद्द ॲबोरिजिनल लोकांमध्येही कितीतरी जण म्हणतात की आधी मैत्री होतीच कुठे जी पुन्हा जोडायची, आधी खरं काय झालं ते बोला. मी भाषांतरात रिकन्सिलिएशन हाच शब्द देवनागरीत ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात समजावून सांगते.

३. त्यांना मराठीत आदिवासी म्हटलं तर चालतं का?

घरी बोलताना आई-बाबांना समजवायला ठीक आहे, लेखी नको. आदिवासी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वारली, कातकरी, गोंड आणि सोबत आरक्षण, वनहक्क असं सगळं येतं, आणि ती चौकट इथे बसत नाही. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर असं पूर्ण लिहा, दोघं वेगळे आहेत, दुसरे उत्तर टोकाच्या बेटांवरचे, आणि त्याचं चार अक्षरी लघुरूप करू नका, ते लोकांना आवडत नाही. फर्स्ट नेशन्स किंवा फर्स्ट पीपल्सही चालतं. माणूस समोर असेल तर तो स्वतःला वुरुंजेरी म्हणतो की योर्टा योर्टा ते विचारा आणि तेच वापरा, कोणी आपल्याला नुसतं एशियन म्हटलं की कसं वाटतं तसंच आहे ते.

४. वेलकम टू कंट्री आणि ॲक्नॉलेजमेंट एकच ना?

नाही. दोन्ही कार्यक्रमाच्या सुरुवातीला होतात. वेलकम म्हणजे आमच्या कंट्रीवर या असं स्वागत, ते फक्त त्या जागेचे ट्रॅडिशनल ओनर्स, म्हणजे पिढ्यानपिढ्यांचे मूळ मालक, करू शकतात, कारण घरात या असं घरचाच माणूस म्हणतो. दुसऱ्या भागातला ॲबोरिजिनल माणूससुद्धा इथे वेलकम करत नाही. ॲक्नॉलेजमेंट म्हणजे ही जमीन त्यांची आहे हे आदराने मान्य करणारी दोन वाक्यं, ती कोणीही म्हणू शकतं, तुम्ही, मी, मेयर. मोठा कार्यक्रम, नवीन इमारतीचं उद्घाटन असेल तर वेलकम मागवा, मंगळवारच्या टीम मीटिंगला ॲक्नॉलेजमेंट पुरे, आणि प्रत्येक अर्ध्या तासाच्या कॉलला तेच पाठ केलेलं वाक्य भराभरा म्हणून टाकण्यापेक्षा न केलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

५. मी भारतातून आलेली, माझ्या तोंडी ॲक्नॉलेजमेंट विचित्र नाही वाटणार? उच्चार चुकला तर?

विचित्र वाटतं ते कागदावरून वाचल्यासारखं केलं तर. स्वतःचं एक वाक्य घाला, मी इथे किती वर्षं राहते, रोज कुठल्या ओढ्याच्या कडेने चालते, असं काहीही.

उच्चारांच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मूळ भाषांमध्ये जीभ मागे वळवून म्हणायचे ट, ड, ण, ळ सारखे आवाज आहेत, जे इंग्रजीवाल्यांना जन्मात जमत नाहीत. आणि कितीतरी शब्द ङ ने सुरू होतात, तोच आपल्या वाङ्मयातला ङ, ज्याचा उपयोग शाळेनंतर आयुष्यात कधी होईल असं वाटलं नव्हतं. तरी अंदाजाने म्हणू नका, त्या भागातल्या ट्रॅडिशनल ओनर्सच्या संस्थेला फोन करून विचारा किंवा त्यांच्याच माणसाचा व्हिडिओ ऐका.

६. आमच्या कौन्सिलची जमीन नक्की कोणाची हे कुठे बघायचं? नेटवर एक रंगीत नकाशा आहे तो चालेल का?

तो आयात्सिसचा (ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर अभ्यासाच्या राष्ट्रीय संस्थेचा) नकाशा सुंदर आहे, ब्रेकरूममध्ये लावा, पण त्यावरून हद्द ठरवू नका, त्या नकाशावरच लिहिलंय की सीमा काटेकोर नाहीत. व्हिक्टोरियात ॲबोरिजिनल हेरिटेज ॲक्ट २००६ खाली नोंदलेल्या ट्रॅडिशनल ओनर्सच्या संस्था आहेत, सध्या ११, आणि कुठला भाग कोणाकडे याचा अधिकृत नकाशा सरकारी साइटवर आहे. जुनी फाइल बघून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, १ जुलै २०२१ पासून वुरुंजेरी आणि बुनुरोंग यांच्यातली रेषा नव्याने ठरली आणि ती चक्क मेलबर्न शहराच्या मधून जाते. त्याआधीचं ॲक्नॉलेजमेंटचं टेम्प्लेट अजून तुमच्या ड्राइव्हवर असेल तर डिलीट करा. आमच्या पश्चिमेला वादावुरुंगही आहेत. एकाच कौन्सिलमध्ये दोन-तीन समूहांच्या जमिनी येतात आणि काही ठिकाणी कोणाचीच नोंद झालेली नाही, तिथे सगळ्यांशी बोलावं लागतं, घाईघाईत एकाचं नाव टाकून मोकळं व्हायचं नाही.

७. मीटिंगमध्ये एक जण रॅप म्हणतो तेव्हा प्लॅन असतो आणि दुसरा म्हणतो तेव्हा संस्था. नक्की काय?

हा गोंधळ पहिले सहा महिने सगळ्यांचाच होतो. एक रॅप म्हणजे रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन, २००६ पासून चालू आहे, रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था तो तपासून मान्य करते. त्याच्या चार पायऱ्या आहेत, रिफ्लेक्ट, इनोव्हेट, स्ट्रेच आणि एलिव्हेट. दुसरा रॅप म्हणजे रजिस्टर्ड ॲबोरिजिनल पार्टी, वर प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या ११ संस्था, ज्यांना कायद्याने अधिकार आहेत. पहिला तुमच्या कौन्सिलचा कागद, दुसरे माणसं. आमच्याकडे एकदा एका नवीन मॅनेजरने मेलमध्ये लिहिलं की रॅप दोन वर्षं जुना झालाय, बदलून टाकू, आणि सीसीमध्ये नेमकी ती संस्था होती. मी तेव्हापासून पूर्ण नाव लिहिते.

आणि हो, प्लॅन सक्तीचा नाही. काही कौन्सिल रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलियाचा साचा न घेता थेट स्थानिक ट्रॅडिशनल ओनर्सबरोबर बसून स्वतःचा करार किंवा प्लॅन करतात. मला विचाराल तर दुसरा मार्ग जास्त कष्टाचा आणि जास्त खरा.

८. वेलकमसाठी किंवा मीटिंगला बोलावलं तर एल्डरना, म्हणजे त्यांच्या समाजातल्या मानाच्या ज्येष्ठांना, पैसे द्यायचे असतात? आपण तर सन्मान म्हणून बोलावतो.

द्यायचे असतात. कन्सल्टंट येतो तेव्हा त्याला शाल-श्रीफळ देऊन पाठवता का? सांस्कृतिक ज्ञान हे ज्ञानच आहे. दर त्या त्या संस्थेचे ठरलेले असतात, विचारा आणि घासाघीस करू नका.

पण खरी गोम दर नाही, पेमेंटची पद्धत आहे, आणि यावर मी जरा लांबण लावणार आहे. मी पूर्वी ज्या कौन्सिलमध्ये होते तिथे एका आजींनी पावसात येऊन वेलकम केलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मेयरने फोटो काढला. मग फायनान्सने त्यांना ९ पानांचा व्हेंडर फॉर्म पाठवला. एबीएन म्हणजे बिझनेस नंबर द्या, पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट द्या, बँक स्टेटमेंटची प्रत द्या. फॉर्म अपुरा म्हणून दोनदा परत गेला. पैसे मिळाले साडेतीन महिन्यांनी, तेही मी रोज फायनान्सच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायला लागले तेव्हा. पुढच्या वर्षी आजी आल्या नाहीत, का येत नाही असंही कोणी विचारलं नाही, डायरेक्टरला मात्र वाटलं की कम्युनिटी एंगेज करत नाहीये.

तेव्हा निमंत्रण पाठवायच्या आधी फायनान्सशी बोला. संस्थेमार्फत बुकिंग असेल तर ती आधीच व्हेंडर म्हणून घालून ठेवा. व्यक्ती असेल तर इन्शुरन्स कौन्सिलच्या पॉलिसीत बसतो का ते रिस्कवाल्यांना विचारा, बहुतेक वेळा मार्ग निघतो. पेमेंट त्याच आठवड्यात. टॅक्सी आपण करायची, पार्किंग दाराशी ठेवायचं, खुर्ची आणि चहा. माझ्या मते ॲक्शन प्लॅनमधल्या निम्म्या सुंदर वाक्यांपेक्षा हा एक बदललेला फॉर्म जास्त काम करतो.

९. सगळे त्यांना अंकल, आंटी म्हणतात, मीही म्हणू का?

थांबा जरा. आपल्याकडे शेजारचे, दूधवाले, मुलाच्या मित्राचे बाबा सगळेच अंकल, पण इथे तो मान आहे, वय झालं की आपोआप मिळत नाही, समाजाने दिलेला असतो. सत्तरीचा प्रत्येक ॲबोरिजिनल माणूस एल्डर नसतो. पहिल्या भेटीत सरळ विचारा, तुम्हाला काय म्हणू? सूत्रसंचालनाच्या कागदावर मात्र अंकल किंवा आंटी असेल तर ते गाळून नुसतं नाव घेऊ नका.

१०. कार्यक्रम परवावर आला आणि संस्थेने कळवलं की सॉरी बिझनेसमुळे येता येणार नाही. आता?

सॉरी बिझनेस म्हणजे कोणीतरी गेलंय आणि समाज दुखवट्यात आहे. आपल्याकडे सुतक आलं की घरातलं लग्नसुद्धा पुढे ढकलतात ना, मग तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, तुमच्या मॅनेजरला असेल. कारण विचारू नका, कोण गेलं, किती दिवस लागतील, काही नाही. दुसरं कोणी पाठवता का असंही नको. वेलकमऐवजी ॲक्नॉलेजमेंट करा, आणि कार्यक्रमच त्यांच्याबद्दल असेल तर पुढे ढकला. ठरलेलं मानधन द्यायचं का? आम्ही देतो. गेलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा नाव तुमच्या वेबसाइटवर असेल तर कुटुंबाला संस्थेमार्फत विचारून मगच ठेवा किंवा काढा.

११. रिकन्सिलिएशन वीकच्या तारखा २७ मे ते ३ जून अशा विचित्र का?

दोन घटनांमध्ये बसवल्यात. २७ मे १९६७ ला रेफरेंडम झाला, ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं, आणि ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेतल्या लोकसंख्येत धरायला आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करायला वाट मोकळी झाली. त्या दिवशी मतदानाचा हक्क मिळाला असं पोस्टरवर लिहू नका, केंद्रीय निवडणुकीत तो १९६२ लाच आला होता, ही चूक मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ड्राफ्टमध्ये खोडते. ३ जून १९९२ ला हायकोर्टाचा, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा, माबो निकाल, ब्रिटिश आले तेव्हा ही जमीन कोणाचीच नव्हती हे जे गृहीत धरलं होतं ते खोटं ठरलं. २६ मे म्हणजे सॉरी डे, सरकारने घरातून उचलून नेलेल्या ॲबोरिजिनल मुलांवरचा अहवाल १९९७ ला त्या दिवशी संसदेत मांडला गेला. जुलैमधला नायडॉक वीक वेगळा, तो त्यांचा सण आहे, तिथे आपण पाहुणे.

१२. पोस्टरवर डॉट पेंटिंगचं बॅकग्राउंड टाकलं, कार्यक्रमाला डिजेरिडू (ते लांब लाकडी फुंकवाद्य) ठेवलं. आता कोणीतरी नाराज आहे. का?

कारण कॅनव्हासवरची ती ठिपक्यांची शैली वाळवंटातल्या पापुन्याची, १९७१ च्या सुमारास सुरू झालेली, आणि डिजेरिडू उत्तरेच्या आर्नहेम लँडकडचं. इथल्या कलेत रेषा, चौकटी, कोरीवकाम दिसतं. पुण्यातल्या कार्यक्रमाला भारतीय संस्कृती म्हणून कथकली आणि भांगडा ठेवला आणि ढोल-ताशा विसरले, असं झालं ते. त्यातून स्टॉक फोटोच्या साइटवरून घेतलं असेल तर ते बहुतेक ॲबोरिजिनल माणसाने काढलेलंही नसतं. स्थानिक कलाकार घ्या, करारात कॉपीराइट कलाकाराकडेच ठेवा आणि ते चित्र कशाकशावर छापणार ते आधी लिहा. बॅनरसाठी घेतलेलं चित्र नंतर कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर नको.

१३. झेंडे छापायला परवानगी लागते का?

ॲबोरिजिनल झेंड्याला नाही. हॅरल्ड थॉमस यांनी १९७१ ला तो काढला, २०२२ ला केंद्र सरकारने कॉपीराइट विकत घेतला. टोरेस स्ट्रेट आयलंडर झेंड्याचा कॉपीराइट मात्र टोरेस स्ट्रेट आयलंड रीजनल कौन्सिलकडे आहे, म्हणजे आपल्यासारख्याच एका कौन्सिलकडे, त्यांना विचारावं लागतं. आणि काळा वर, लाल खाली. उलटा लावलेला मी स्वतः बघितलाय, सकाळी ८ वाजता, शिडी शोधत धावले होते.

१४. २६ जानेवारीला आपला प्रजासत्ताक दिन असतो. मंडळाने कौन्सिलचा हॉल मागितला तर द्यायचा का?

हा प्रश्न जगात बहुधा फक्त आपल्यालाच पडतो. नियम म्हणाल तर हॉल द्यायला काही हरकत नाही. पण इथे हाच दिवस ऑस्ट्रेलिया डे, १७८८ ला ब्रिटिशांनी सिडनीत झेंडा रोवल्याचा, १९३८ पासून ॲबोरिजिनल लोक तो दुखवट्याचा दिवस म्हणून पाळत आलेत. मी मंडळाला एवढंच सांगते की पोस्टरवर दोन्ही देशांचे सण एकत्र साजरे वगैरे घालू नका, आपलं संविधान साजरं करताय तर तेवढंच लिहा, आणि जमत असेल तर जवळचा शनिवार-रविवार घ्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळाने तारीख पुढे नेली तर उलट गर्दी वाढली, कारण पार्किंग मिळालं.

नागरिकत्वाच्या समारंभाचं वेगळं आहे. २०१७ मध्ये यारा आणि डेरेबिन कौन्सिलने २६ जानेवारीचा समारंभ सोडला तेव्हा केंद्राने त्यांचा समारंभ घेण्याचा अधिकारच काढून घेतला होता. डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलला, आता तीन दिवस आधी किंवा तीन दिवस नंतर घेता येतो.

१५. रस्त्याला किंवा पार्कला त्यांच्या भाषेतलं नाव द्यायचंय. यादीतून एखादा छान शब्द घेऊ का?

यादीतून नाही. भाषा त्यांची आहे, लेखी परवानगी लागते, आणि खरं म्हणजे नाव सुचवायचं कामही त्यांचंच. मेरी-बेक कौन्सिलचं उदाहरण बघा, आधीचं मोरलँड. ते जुनं नाव जमैकातल्या ज्या मळ्यावरून आलं तिथे गुलाम राबवले जायचे, २०२१ मध्ये वुरुंजेरी एल्डर्स कौन्सिलकडे गेले, त्यांनी तीन नावं दिली, रहिवाशांची मतं घेतली आणि २०२२ मध्ये मेरी-बेक झालं, अर्थ खडकाळ जागा. विरोधही झाला, खर्च किती, पत्ते बदलतील का. औरंगाबाद आणि उस्मानाबादचं नामांतर बघितलेल्या मराठी माणसाला यातलं काहीच नवीन नाही.

१६. खोदकामाआधी दरवेळी कल्चरल हेरिटेज प्लॅन लागतो का? एक-दोन घरांना सूट आहे ना?

हा प्लॅन म्हणजे जमिनीतल्या ॲबोरिजिनल वारशाला धक्का लागू नये यासाठीचा. दोन गोष्टी एकत्र जुळल्या तर लागतो, जागा संवेदनशील असेल, उदाहरणार्थ नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आत, आणि काम कायद्याने मोठ्या परिणामाचं ठरत असेल. एक किंवा दोन घरं बांधायला सूट आहे, बरोबर. पण सूट प्लॅनपासून आहे, नुकसान करण्यापासून नाही. दगडी हत्यारं, शिंपल्यांचा जुना ढीग, साल काढल्याची जुनी खूण असलेलं झाड सापडलं आणि तरी जेसीबी चालवला तर गुन्हा आहे, घर एक असो की शंभर. प्लॅन तपासायला संस्थेला ३० दिवस मिळतात, ते प्रोजेक्टच्या वेळापत्रकात आधीच घाला, मग ते उशीर करतात अशी बोंब मारू नका. माणसाची हाडं सापडली तर काम बंद, कोणी हात लावायचा नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, आधी पोलीस.

१७. फक्त ॲबोरिजिनल उमेदवारांसाठी असलेली पोस्ट भेदभाव नाही का? आणि एक उमेदवार तर दिसायला गोरी होती.

कायद्यात अशा खास उपायांना जागा आहे, तेव्हा भेदभाव नाही. दुसऱ्या भागाबद्दल, रंगावरून ठरत नाही. वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता या तीन गोष्टी बघतात. किती टक्के ॲबोरिजिनल आहेस हा प्रश्न कधीही, चहा पितानाही, विचारायचा नाही, मुलं घरातून उचलताना सरकार रंगावरूनच वर्गवारी करायचं. नेमल्यानंतरचंही लक्षात ठेवा, ती लायब्ररीयन असेल तर तिला लायब्ररीयनचं काम करू द्या, अख्ख्या कौन्सिलचे प्रश्न तिच्या डेस्कवर नेऊन टाकू नका. त्यासाठी हे पान आहे.

१८. २०२३ च्या रेफरेंडममध्ये ६० टक्के लोक नाही म्हणाले. मग आता हे चालू ठेवायचं कशाला, आमचा एक काउन्सिलर सारखा म्हणतो.

१४ ऑक्टोबर २०२३ ला प्रश्न होता संविधानात ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांची व्हॉइस नावाची सल्लागार संस्था घालायची का. उत्तर नाही आलं. हेरिटेज कायदा, नेटिव्ह टायटल म्हणजे मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क, तुमच्या कौन्सिलने मंजूर केलेला प्लॅन, यातलं काही मतपत्रिकेवर नव्हतं. काउन्सिलरना ठराव आणून प्लॅन बदलायचा हक्क आहे, तो येईपर्यंत स्टाफने मंजूर प्लॅनवर काम करायचं. त्यांच्याशी वाद घालू नका, ते आपलं काम नाही.

१९. आपणही ब्रिटिशांच्या राज्यात भरडलो, आणि इथे तर कालपरवा आलो. आपला काय दोष?

दोष कोणी देत नाहीये. माझ्या टार्नीटच्या घराचा कागद मात्र मागे मागे नेला तर १८३५ पर्यंत जातो, जेव्हा बॅटमन नावाच्या वसाहतवाल्याने मेलबर्न भागातल्या कुलिन लोकांशी ब्लँकेटं-चाकूंच्या बदल्यात करार केला म्हणे आणि गव्हर्नर बर्कने तोही रद्द ठरवला कारण जमीन ब्रिटिश राजाच्या मालकीची. दोष नसला तरी फायदा माझ्या नावावर आहे, कर्जासकट.

२०. संस्थेला मेल पाठवला, तीन आठवडे उत्तर नाही. किती वेळा आठवण करायची?

मेल कधी पाठवला? मेच्या पहिल्या आठवड्यात ना? त्याच आठवड्यात आजूबाजूच्या डझनभर कौन्सिलांनी, शाळांनी, बँकांनी सगळ्यांनी तोच मेल पाठवलाय आणि तिकडे तो वाचणारी माणसं मोजकी. २७ मेसाठी नोव्हेंबरमध्ये विचारा. आणि कौन्सिलच्या वेगवेगळ्या टीमचे पाच मेल एकाच दिवशी जाऊ देऊ नका, पार्क्स, प्लॅनिंग, इव्हेंट्स, लायब्ररी यांनी आपसात बोलून एकच यादी करा आणि एकच माणूस फोन करू दे. फोन. मेल नाही.